चला, पाणी बघायला

मे महिन्यातला रविवार. घरात पाहुणे, त्यात चार पोरं. सकाळपासून मोबाइल झाला, पत्ते झाले, दोन भांडणंही झाली. ऊन कलायला लागलं की कुणीतरी म्हणतं, "पोरांना जरा फिरवून आणा." मग प्रश्न येतो, न्यायचं कुठं?

छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. पाणचक्की. मकबरा. सिद्धार्थ उद्यान. पहाटे उठायची तयारी असेल तर हिमायत बाग किंवा सलीम अली सरोवर. गाडी आणि अख्खा दिवस हाताशी असेल तर पैठण. पावसाळ्यात म्हैसमाळ, नाहीतर वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळ कोसळणारा धबधबा. नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. जत्रा सोडली तर बहुतेक ठिकाणी आपण मुलांना एकच गोष्ट दाखवायला नेतो, ती म्हणजे पाणी. पडणारं, साठलेलं, कारंज्यातून उडणारं, नाहीतर पाण्यावर वाढलेली झाडं आणि पाण्यावर आलेले पक्षी. आणि ज्या घरातून आपण निघतो त्या घरातल्या नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या. रात्री दोन वाजता गल्लीतून "पाणी आलं!" अशी हाक आली की सगळं घर उठतं. टाकी, पिंप, बादल्या, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. या शहरातल्या मुलांना टँकरचा आवाज लांबूनच ओळखता येतो.

ज्या शहरात पाण्याची एवढी मारामार, तिथली मुलांची करमणूक पाण्याभोवती का असावी? या ठिकाणांचा इतिहास उलगडला की त्याचं उत्तर सापडतं. यांतली बरीचशी ठिकाणं मुलांसाठी बांधलेलीच नव्हती. ती कामाची ठिकाणं होती. कुठं पीठ दळलं जायचं, कुठं बाग शिंपली जायची, कुठं शेतीसाठी पाणी अडवलं गेलं. मुलं तिथं नंतर आली.

विकला गेलेला मुलगा

गोष्ट सुरू होते एका मुलापासूनच. सोळाव्या शतकाच्या मध्यात इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, असं करत बगदादमार्गे तो दख्खनला पोहोचला. 'अंबर' हे नाव त्याला एका मालकानं दिलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही हबशीच होता, त्यानं त्याला विकत घेतलं. पुढं हाच मुलगा मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा कारभारी झाला आणि मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं दख्खनमध्ये झुंजवत ठेवलं.

१६१० मध्ये त्यानं खडकी या गावी राजधानी वसवली. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. उत्तरेला जटवाडा-हर्सूलकडचे डोंगर, दक्षिणेला सातारा डोंगर, मधून वाहणारी खाम नदी. पण खामला बारमाही भरवसा नव्हता. राजधानी म्हटलं की फौज आली, घोडे-हत्ती आले, बाजार आला. एवढ्या लोकांना पाणी आणायचं कुठून?

मलिक अंबरनं ते जमिनीच्या पोटातून आणलं. डोंगराच्या पायथ्याशी मातीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि जमिनीखालून दगडी बोगद्यानं शहरात न्यायचं, अशी ही योजना. तीच नहर-ए-अंबरी. बोगद्याला सगळीकडे अगदी हलका उतार दिलेला. हवा खेळावी, माणसाला आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर वर उघडणारी भोकं. पंप नाही, मोट नाही, बैल नाहीत. पाणी आपल्या वजनानं चालत येतं. इराणपासून मध्य आशियापर्यंत अशा भुयारी कालव्यांची जुनी परंपरा आहे. दख्खनच्या खडकात ती मुरवणं हे इथलं कसब.

१६२६ मध्ये मलिक अंबर गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. मुलगा फतेहखान यानं शहराला फतेहनगर नाव दिलं. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबानं ते बदलून औरंगाबाद केलं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झालं. नावं बदलली तरी नहरीची कल्पना टिकली. मोगल काळात आणि त्यानंतरही याच पद्धतीच्या आणखी नहरी खोदल्या गेल्या. त्यांतली एक नहर आजही मुलांच्या अंगावर तुषार उडवते.

दळणाचं पाणी

पाणचक्कीत शिरल्यावर मुलं पहिल्यांदा धावतात ती हौदाकडे. उंच भिंतीवरून पाण्याची धार हौदात कोसळते. खाली मासे. काठावर वाकलेली पोरं, आणि मागून त्यांचे शर्ट घट्ट धरून उभे असलेले आईबाप.

ही जागा मुळात एका सूफी संताचा तकिया आहे. बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गुजदवानचे. औरंगजेबाच्या काळात ते इथं स्थिरावले. त्यांच्या आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्या आठवणींचा ग्रंथ शिष्य शाह महमूद यांनी फारसीत लिहिला. सायमन डिग्बी या इतिहासकारानं २००१ मध्ये तो इंग्रजीत आणला. मध्य आशियातून पायी येणारे फकीर, मोगल फौजेतले तुराणी शिपाई आणि त्या सगळ्यांना सामावून घेणारा तकिया असं एक जिवंत जग त्यात दिसतं.

इतकी माणसं येणार, राहणार, तर त्यांना भाकरी लागणार, आणि भाकरीला पीठ. चक्कीची गरज तिथून निर्माण झाली. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरी असलेला सरदार तुर्कताजखान आणि पुढं जमील बेगखान यांची नावं या बांधकामाशी जोडली जातात. सहा-आठ किलोमीटरांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांमधून इथं आणलं. वाटेत जमीन खाली गेली तरी नळाच्या दुसऱ्या टोकाचं पाणी पुन्हा वर चढतं, कारण सुरुवातच उंचावर झालेली असते. पाणचक्कीच्या भिंतीतून ते असंच वर येतं आणि धार होऊन खाली पडतं. चक्कीच्या तळघरात ते पात्यांच्या आडव्या चाकावर आदळतं. चाकाचा दांडा वर जातो आणि त्यावरचं दगडी जातं फिरतं. विजेशिवाय, इंजिनाशिवाय.

तुमच्याबरोबरच्या मुलाला चक्कीसमोर जरा जास्त वेळ उभं करा. ज्या पाण्यानं पीठ दळलं तेच पाणी पुढं वाया जात नाही, हौदात जातं, हे त्याला दाखवा. आणि हौद दाखवून झाला की त्याच्या खाली न्या, कारण हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. जाड खांबांवर पेललेल्या त्या दालनात भर उन्हाळ्यात गारवा असतो. एकाच पाण्यानं दळण केलं, वजूची सोय केली आणि पाहुण्यांच्या डोक्यावर गारवा धरला. त्याच्या जोरावर फकिरांच्या पोटात भाकरी गेली. आज आपल्याला त्यातला तमाशा तेवढा दिसतो. पण काम नसतं तर हा तमाशाही नसता.

दर्ग्याची जागा असल्यानं आणखी एक गोष्ट घडली. इथं येणाऱ्याला कुणी अडवलं नाही. बादशाही बागांना भिंती होत्या, दारावर पहारे होते. तकियाचं दार मात्र वाटसरूसाठी उघडंच ठेवायचं असतं. शहरातल्या सामान्य कुटुंबाला मुलाबाळांसह बसता येईल, पाण्याकडे बघता येईल, अशी ही फार जुनी जागा. आजही इथं येणाऱ्यांत बुरखा, नऊवारी आणि जीन्स एकाच कट्ट्यावर टेकलेले दिसतात.

चार वर्षांचा शहजादा

पाणचक्कीपासून मकबरा जवळच. मुलांना इथं ताजमहालाची नक्कल म्हणून आणलं जातं आणि "ताज मोठा की हा?" या प्रश्नावर गाडी अडकते. त्याऐवजी त्यांना ही गोष्ट सांगा.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू ८ ऑक्टोबर १६५७ रोजी वारली. जेमतेम महिनाभर आधी तिला मुलगा झाला होता. त्याचं नाव अकबर. त्याचा थोरला भाऊ आझम त्या वेळी चार वर्षांचा होता. बीबी का मकबरा आझमशाहनं आईसाठी बांधला, असं आपण शाळेत वाचतो. पण काम १६६०-६१ च्या सुमाराचं धरलं तर आझम तेव्हा सात-आठ वर्षांचा असणार. म्हणून काही अभ्यासक सांगतात की बांधकाम औरंगजेबाच्याच हुकमानं झालं आणि मोठेपणी आझमनं त्याची देखरेख केली. काहीही असलं तरी आई गेली तेव्हा हा मुलगा आपल्याबरोबरच्या पोरांएवढाच होता, हे ऐकल्यावर मुलं त्या जाळीतून खाली कबरीकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

आणि ते महिन्याचं बाळ? शहजादा अकबरनं १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केलं. ते फसलं. तेव्हा त्याला आसरा दिला तो छत्रपती संभाजी महाराजांनी. आज शहराला ज्यांचं नाव आहे, त्यांच्याच आश्रयाला मकबऱ्यात निजलेल्या आईचं धाकटं लेकरू गेलं होतं. इतिहास पाठ करायला मुलं कंटाळतात, पण ही गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाहीत.

दरवाजावर कारागिराचं नाव आहे, अताउल्ला. ताजमहालाचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा तो मुलगा. खर्चाचा आकडाही नोंदलेला आहे, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. आता कबरीकडून बाहेर या आणि दरवाजापासून मकबऱ्यापर्यंत गेलेला सरळ पट्टा बघा. मधोमध पाण्याची टाकी, कारंजी, दोन्ही बाजूंना चार भागांत विभागलेली बाग. चारबागेची सगळी कल्पनाच वाहत्या पाण्यावर उभी आहे. पाणी काढून घेतलं तर उरतो तो संगमरवरी घुमट आणि तापलेली फरशी. एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी चाललेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बागांची दारं उघडली तेव्हा

दिल्ली दरवाजाच्या बाजूला हिमायत बाग आणि समोर सलीम अली सरोवर. दोन्हींचं मूळ मोगल काळात. तळ्याला पूर्वी खिजरी तलाव म्हणत. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचं नाव त्याला नंतर मिळालं. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन मुलांना इथं आणणारे पक्षिमित्र शहरात आहेत. हिमायत बागेत आता कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. सकाळी तिथं आजी-आजोबा चालतात, नातवंडं पुढं पळतात आणि आंब्यांच्या झाडांतून मोर ओरडतात. सरदारांसाठी राखलेल्या बागेत आज कुणाचंही पोर धावू शकतं. बागेचा हा हक्क सगळ्यांकडे यायला बराच काळ जावा लागला.

केवळ लोकांसाठी, आणि त्यातही मुलांसाठी जागा करायची, ही कल्पना नगरपालिका-महापालिकांबरोबर आली. इथली महापालिका १९८२ मध्ये झाली. मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान म्हणजे त्या काळापासूनच्या पिढ्यांचं बालपण. झोपाळे, घसरगुंडी, छोटी रेल्वे, बुद्धमूर्ती आणि प्राणिसंग्रहालय. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला वाघ इथं पाहिला. एसटीनं यायचं, उद्यान बघायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत गावाला जायचं, हा हिशेब जमत होता तो जागा बसस्थानकाला लागून असल्यामुळे. मुलांच्या जागेला गुण द्यायचे तर आधी हा प्रश्न विचारायला हवा की गाडी नसलेलं कुटुंब तिथं पोहोचतं का?

प्राण्यांसाठी मात्र ती जागा अपुरी होती. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं आक्षेप घेतले आणि मिटमिट्याला मोठ्या सफारी पार्कची योजना आली. वाघांना ऐसपैस जागा मिळायलाच हवी. फक्त बसस्थानकापासूनचं अंतर वाढलं की गावाकडच्या मुलाचा वाघ लांब जातो, हेही कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

पैठणची सहल

या यादीतलं सगळ्यात मोठं पाणी शहराच्या दक्षिणेला, पैठणला आहे. गोदावरीवर धरण बांधायचा विचार हैदराबाद संस्थानाच्या काळातला. तेव्हाची जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरली होती. पुढं जागा वरच्या अंगाला पैठणला सरकली, नाव तेवढं जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली. काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यानं सोसला. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे. मागं पसरलेला जलाशय तो नाथसागर. त्याच्या पोटात शंभराहून अधिक गावांची शिवारं गेली. विस्थापितांच्या नातवंडांसाठी नाथसागर बघणं ही नुसती सहल नसते.

धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. रंगीत दिव्यांची कारंजी बघायला शाळांच्या सहलींच्या रांगा लागत. एका पिढीच्या शालेय आठवणीत वेरूळ, दौलताबाद आणि पैठण हे तिन्ही एका एसटीत बसलेले आहेत. पुढं देखभाल ढासळली, कारंजी थांबली, रान माजलं. त्यानंतर गाजावाजा झाला तो नूतनीकरणाच्या घोषणांचा.

तरी लोक पैठणला जायचे थांबले नाहीत. ज्या वर्षी धरण भरतं आणि दरवाजे उघडतात, त्या वर्षी बातमी कळताच शहरातून कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. डबे, भजी, छत्र्या, खांद्यावर बसलेली मुलं. फेसाळत निघालेलं पाणी बघून मोठी माणसंही दोन मिनिटं गप्प होतात. २०१६ च्या उन्हाळ्यात हाच जलाशय मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. तो उन्हाळा आठवणाऱ्याला उघडलेले दरवाजे नुसते सुंदर वाटत नाहीत, त्याला हायसं वाटतं.

आणि इथंच मुलांना एक गणित घालता येतं. नाथसागर पूर्ण भरला तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर आहे साधारण ५६८ मीटरवर. म्हणजे आपल्या नळाला येणारं पाणी शंभर मीटरहून जास्त वर चढून येतं, तेही पन्नासेक किलोमीटरांवरून. वीज गेली, पंप बंद पडला किंवा नळ फुटला की आपला पाण्याचा दिवस पुढं ढकलला जातो. मलिक अंबरचं पाणी उत्तरेच्या डोंगरातून उतरत येत होतं. आपलं पाणी दक्षिणेकडून चढत येतं. आजच्या लोकसंख्येला नहर पुरली नसती, हे खरं. म्हणूनच तर १६८० कोटींची नवी योजना २०२० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि ती पुढं २७४० कोटींवर गेली. पण उतरतं पाणी होतं तेवढं तरी आपण सांभाळलं का? नहरींवर घरं झाली, रस्ते झाले, पाया खणताना बोगदे फुटले, कुठं आत सांडपाणी शिरलं. पाणचक्कीची धारही उन्हाळ्यात कित्येकदा बारीक होते, कधी थांबते. त्या दिवशी मुलं कोरड्या हौदात डोकावतात आणि विचारतात, "पाणी कुठं गेलं?"

एका दिवसाची सहल

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असेल तर एक सोपी सहल करता येते. तिकिटाचा खर्च फारसा नाही. सकाळी हर्सूल तलावाकडून सुरुवात करा. तिथं डोंगर दिसतात, खामचं खोरं दिसतं. पाऊस पडतो कुठं आणि उतरतो कुठं, हे मुलांना बोटानं दाखवता येतं. मग पाणचक्की, आधी चाक, मग हौद, मग हौदाखालचं दालन. मग खाम. एरवी तिच्यावरच्या पुलावरून आपण नाक धरून गाडी दामटतो. गेल्या काही वर्षांत लोखंडी पुलाजवळ महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून नदीकाठ साफ केला, झाडं लावली, चालायला वाट आणि बसायला कट्टे केले. नाला म्हणून सोडून दिलेल्या नदीकाठी आता मुलांना नेता येतं, ही या शहरातली नवी गोष्ट आहे.

तिथं कट्ट्यावर बसून मुलांना शेवटचा दुवा सांगा. खाम पुढं जाऊन गोदावरीला मिळते. म्हणजे आपण नदीत जे सोडतो ते नाथसागराच्या दिशेनं जातं, आणि नाथसागरातून पंपानं आपल्याच घरी पाणी येतं. बालवाडीतल्या मुलालाही हे चक्र कळतं. चॉकलेटचा कागद हातात धरून ते मूल तुमच्याकडे बघेल. तो कागद खिशात घालायची जबाबदारी मग तुमची.

संध्याकाळी घरी आल्यावर मुलांना हातपाय धुवायला सांगा आणि नळ त्यांनाच उघडू द्या. पाणी येईलच असं नाही. पण ते कुठून यायला हवं होतं, हे त्या दिवशी त्यांना ठाऊक असेल.